गोटीमागचा वायू

सोलापूरच्या उन्हाळ्यावर लेख लिहावा, असे संपादकांचे फर्मान होते. परंतु ज्या गावी वैशाखात पारा त्रेचाळीस अंशांपुढे सहज सरकतो, तिथल्या उन्हाचे वर्णन करण्यापेक्षा त्या उन्हाशी नित्य झुंजणाऱ्या एखाद्या यंत्राचा परिचय करून द्यावा, असे मनात आले, आणि म्हणून पेठेतल्या एका बोळात, दोन माणसे जेमतेम मावतील अशा गोटी सोड्याच्या कारखान्यात मी सलग दोन दिवस बसून राहिलो.

या धंद्याची वंशावळ मद्याच्या शेजारात सुरू होते. इंग्लंडातील लीड्स येथे बिअरच्या भट्टीलगत राहणाऱ्या जोसेफ प्रीस्टली यांनी, आंबणाऱ्या रसाच्या पिंपांवर तरंगणारा जड वायू पाण्यात शोषला जातो हे १७६७ च्या सुमारास पाहिले व १७७२ साली ती कृती प्रसिद्ध केली. १७८३ मध्ये जिनीव्हात श्वेप यांनी तिचा व्यापार मांडला. आणि १८७२ साली लंडनच्या हायरम कॉड यांनी गळ्यात गोटी कोंडलेली बाटली सिद्ध केली. इतके पुरे.

खरे कोडे पाण्याच्या स्वभावात आहे. साध्या हवेच्या दाबाइतक्या दाबाखाली शून्य अंशाचे एक लिटर पाणी सुमारे पावणेदोन लिटर कर्बवायू सामावून घेते, वीस अंशांवर एक लिटरही घेत नाही, आणि चाळीस अंशांवर, म्हणजे सोलापूरच्या दुपारी, जेमतेम अर्धा लिटर. दाब वाढवावा तसा वायू अधिक मुरतो, हा विल्यम हेन्री यांचा १८०३ चा नियम. परदेशात घरी बिअर करणारे हौशी लोक (आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्यावाचून ते करता येत नाही) पोलादी पिंप तीनचार अंशांवर गार ठेवून, चौरस इंचास बारा पौंडांच्या आसपास दाब लावून आठवडाभर स्वस्थ बसतात. सोडेवाल्यापाशी ना ती थंडी, ना तो आठवडा. त्याच्यापाशी आहे एक दांडा आणि स्वतःचा दंड.

येथले कारागीर, ज्यांना सारी पेठ मामा म्हणते, भरलेल्या बाटल्या लोखंडी पिंजऱ्यात बसवून त्यांची तोंडे वायूच्या नळीस जोडतात. प्रथम झडप क्षणभर उघडून आत राहिलेली हवा ते बाहेर सोडतात, कारण हवा उरली तर वायूला जागा मिळत नाही. मग सिलिंडर मोकळा करून पिंजरा गरागरा फिरवतात. पाणी घुसळले की त्याचा वायूशी संसर्ग शतपटीने वाढतो, आणि आठवड्याचे काम मिनिटात उरकते. दाबाच्या काट्याकडे मामा फारसे पाहत नाहीत. त्यांचा कान नळीतल्या सूं आवाजाकडे असतो, आणि पाण्याची भूक भागून तो आवाज विरला, की त्यांचा हात थांबतो. बाटली उलटी असतानाच वायू बंद होतो. गोटी आपल्या भाराने मुखाशी येते आणि आतला दाब तिला रबरी कड्यावर घट्ट दाबून धरतो. बुचावाचून, केवळ कोंडलेल्या वायूच्याच बळाने वायूला कोंडून ठेवणारी ही युक्ती मला अद्भुत वाटली, आणि दोन दिवसांत तिचा कंटाळा आला नाही.

मात्र ते कडे उन्हाने कडक होते. केसाएवढी फट राहिली तरी सकाळची बाटली संध्याकाळी निव्वळ पाणी. काठ टवकलेली बाटली परत आली की ती बाद करावी लागते, आणि बाजूला काढलेल्या बाटल्यांची रास मला भरलेल्या पेट्यांहून मोठी दिसली. कमकुवत काच पिंजऱ्यातच फुटते. म्हणून त्याला जाळी, आणि मामांच्या उजव्या मनगटावर तरीही एक जुना व्रण. सर्वांत मोठा खर्च बर्फाचा, कारण पाण्याच्या टाकीभोवती तो सतत रचावा लागतो. फिरकीच्या झाकणाची प्लास्टिकची बाटली या साऱ्या कटकटींतून सुटली आहे, आणि शेजारच्या दुकानात तीच रांगेने मांडलेली होती. मला तिच्याकडे पाहून आनंद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमारास बर्फ संपला. दारात चार गिऱ्हाईके उभी होती, सिलिंडरमध्ये वायू होता, टाकीत पाणी होते. मामांनी टाकीत बोट बुडवून पाहिले, यंत्राचा दांडा खाली बांधला, भरलेल्या पेट्यांवरच्या गोणपाटावर तांब्याभर पाणी शिंपडले आणि गिऱ्हाइकांना, बर्फाची गाडी आल्यावर या, असे सांगून ते उंबऱ्याशी बसले.