स्टीलच्या पाइपांची पाणी-चाचणी : पाणी कोणते भरावे आणि लगेच का काढावे?



परवाच्या गट सभेत एका जुन्या सभासदांनी सरळ प्रश्न केला. "साहेब, डिस्टिलरीच्या नव्या पाइपांच्या टेस्टिंगला बॉयलरचं शुद्ध केलेलं पाणी वापरता म्हणे. आवारात बोअर आहे, शेजारी विहीर तुडुंब भरलीय. नुसतं प्रेशर तर बघायचंय, मग हा खर्च कशाला?"

प्रश्न रास्त आहे. पैसा सभासदांचा आहे आणि हिशेब विचारण्याचा त्यांना हक्कच आहे. सभेत वेळ थोडा होता, म्हणून उत्तर येथे सविस्तर देत आहे.

चाचणी पाण्यानेच का?

पाइपलाइन जोडून झाली की प्रत्येक वेल्डिंग आणि प्रत्येक फ्लँज दाब सोसतो की नाही हे पाहावे लागते. आपल्याकडे याला हायड्रोलिक टेस्ट म्हणतात. लाइन पाण्याने पूर्ण भरायची, वरच्या तोंडातून हवा काढून टाकायची आणि पंपाने दाब चढवायचा. सर्वसाधारण नियम असा की, लाइन ज्या दाबासाठी आखली असेल त्याच्या किमान दीडपट दाब द्यायचा. चार किलोची लाइन असेल तर सहा किलो. तो दाब किमान दहा मिनिटे धरून ठेवून एकेक जोड डोळ्यांनी तपासायचा.

हेच काम हवेने केले तर? हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. हवेने भरलेला पाइप फुटला तर ट्रॅक्टरचा टायर फुटावा तसा स्फोट होतो. पाण्याचा फुटला तर चिळकांडी उडते आणि दाब लगेच उतरतो. म्हणून माणसांच्या जिवाच्या दृष्टीने पाणीच बरे. पण पाणी वापरायचे तर ते कसले आहे, हे पाहणे ओघाने आलेच.

स्टील गंजत नाही, हे अर्धेच खरे

आपल्या घरात लोणचे चिनी मातीच्या बरणीत असते. स्टीलच्या डब्यात मीठ ओलसर राहिले तर तळाला बारीक खड्डे पडतात, हे घरोघरच्या बायकांना ठाऊक आहे. कारखान्यातले कोडे तेच आहे, फक्त भांडे मोठे आहे.

स्टेनलेस स्टील म्हणजे मुख्यतः लोखंडच. त्यात क्रोमियम किमान साडेदहा टक्के असते. आपण वापरतो त्या ३०४ जातीत ते सुमारे १८ टक्के असते आणि जोडीला सुमारे ८ टक्के निकेल. हवा लागली की या क्रोमियमची एक साय पृष्ठभागावर धरते. ती केसापेक्षा कित्येक हजार पटींनी पातळ असते. ओरखडा पडला तरी हवेने पुन्हा धरते. स्टीलची सारी प्रतिष्ठा या सायीवर आहे. साय मोडली आणि पुन्हा धरू शकली नाही, की आतले लोखंड उघडे पडते. मग गंज सगळीकडे पसरत नाही. एकाच ठिकाणी सुई टोचल्यासारखा आत शिरतो आणि बाहेरून पाइप चकचकीत दिसत असताना आरपार भोक पडते.

साय मोडणारे तीन शत्रू

पहिला शत्रू पाण्यातला क्लोराइड, म्हणजे साध्या मिठातला खारटपणा. उसाच्या पट्ट्यात पाणी जास्त दिल्याने चोपण झालेल्या जमिनी आणि मचूळ झालेल्या विहिरी आपण पाहतोच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत योग्य मानले आहे, आणि दुसरी सोय नसेल तर १,००० पर्यंत चालवून घेतले आहे. स्टीलच्या चाचणीसाठी मात्र ५० मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याची रीत आहे. म्हणजे माणसाला चालणारे पाणी पाइपाला चालेलच असे नाही.

आणि ५० मिलिग्रॅमचे पाणी वापरले म्हणजे झाले, असेही नाही. समजा, लाइनच्या खोलगट भागात १०० लिटर पाणी राहिले. त्यात क्लोराइड ५ ग्रॅम. ते पाणी हळूहळू सुकत जाऊन १ लिटर उरले, तर ते ५ ग्रॅम त्या एका लिटरातच असतात. ५० चे ५,००० झाले! मिठागरात मीठ असेच धरते. पुढे हंगामात त्याच ठिकाणी वाफ किंवा गरम माल गेला आणि उष्णता सुमारे ६० अंशांच्या वर राहिली, तर खड्ड्यांबरोबर चिरा पडण्याचाही धोका असतो.

दुसरा शत्रू जिवाणू. ज्यांनी ठिबक बसविले आहे त्यांना नळ्यांतला तांबूस, बुळबुळीत थर माहीत आहे. पाण्यातल्या लोहावर वाढणाऱ्या जिवाणूंचा तो उद्योग. साचलेल्या विहिरीच्या पाण्यात हे जिवाणू पाइपात शिरतात, वेल्डिंगच्या कडेला गोळे करून बसतात आणि गोळ्याखाली धातूला हवा मिळत नाही. १९७६ साली अमेरिकेतील गंजतज्ज्ञ कोब्रिन यांनी अशा घटना प्रसिद्ध केल्या. चाचणीसाठी विहिरीचे पाणी नव्या स्टेनलेस पाइपांत भरले, काढून टाकले नाही, आणि काही महिन्यांतच वेल्डिंगच्या जोडांपाशी गळती लागली. आपली चाचणी पावसाळ्यात होते आणि हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. हे मधले महिने जिवाणूंना पुरेसे आहेत.

तिसरा शत्रू घरचाच, साधे लोखंड. लोखंडी तारेचा ब्रश, साध्या लोखंडावर वापरलेले ग्राइंडिंग चाक, उचलायची साखळी, शेजारी उडणाऱ्या ठिणग्या, चाचणीच्या पंपाचा गंजका पाइप, या सर्वांतून लोखंडाचे कण स्टीलवर बसतात. ते गंजतात आणि त्यांच्याखालची साय बिघडवतात.

मग करायचे काय?

१) पाणी भरण्यापूर्वी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. बॉयलरसाठी डी. एम. प्लँटमधून क्षार काढलेले पाणी उत्तम. बाष्पीभवनाच्या पात्रांतील कंडेन्सेट फुकटचे वाटते, पण त्यात साखरेचा अंश आला तर जिवाणूंना आयते खाद्य मिळते.

२) पंप, होज आणि तात्पुरत्या जोडण्या आधी धुऊन घ्याव्यात. वेल्डिंगचा कचरा लाइनमधून वाहवून काढावा. वेल्डिंगपाशी निळसर-पिवळा डाग राहिला असेल तर तो योग्य पेस्टने काढून धुवावा. गंज बहुधा तिथूनच सुरू होतो.

३) स्टीलसाठी ब्रश व चाके वेगळी ठेवावीत आणि ती दुसऱ्या कामाला देऊ नयेत. फरशी धुण्याचे, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड स्टीलजवळ आणूच नये.

४) चाचणी झाल्यावर पाणी शक्यतो त्याच दिवशी काढावे. काढताना वरचे तोंड उघडे ठेवावे, नाहीतर आत पोकळी होऊन पातळ पत्र्याची टाकी चेपते. प्रत्येक खोलगट भागाला खाली तोटी हवी.

५) निथळल्यावर तेलविरहित कोरड्या हवेने लाइन सुकवावी आणि तोंडे बंद करावीत. "थोडं ओलं राहिलं तर काय होतंय?" असे म्हणणाऱ्याला वरचा १०० लिटरचा हिशेब दाखवावा.

६) नाइलाजाने साधे पाणी भरावे लागले, तर ते काढून लगेच शुद्ध पाण्याने धुवावे आणि मग सुकवावे.

हिशेब कुठे बसतो?

शुद्ध पाण्याला रसायनांचा खर्च येतो, हे खरेच. पण तेच पाणी टाकीत धरून एका लाइनीतून दुसऱ्या लाइनीत फिरवता येते, तपासून आणि गाळून. उलट डिस्टिलरीची लाइन हंगामात गळली तर काम थांबते आणि मोलॅसिस टाक्यांत साचते. रसाच्या गरम लाइनीत किंवा बाष्पीभवनाच्या नळ्यांत तेच घडले तर गाळपच अडते. तोडलेला ऊस गाडीवर वाळतो, वजन घटते आणि उतारा पडतो. तो तोटा कुठल्या एका बिलात दिसत नाही, पण येतो सभासदाच्याच माथी.

तेव्हा आबा, विहिरीचं पाणी उसाला राहू द्या. पाइपाला शुद्ध पाणी घालू, आणि तेही मुक्कामाला ठेवणार नाही. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी चाचणीच्या दिवशी जरूर यावे. प्रेशर चढताना पाहाच, पण पाणी काढून लाइन सुकेपर्यंत थांबा. खरे काम तिथेच आहे.