चावा लहान, लक्ष मोठे

जमाखर्चाच्या पानांबरोबर सर्वसामान्यांस उपयोगी पडेल असा एक आरोग्यविषयक लेख वार्षिक अहवालात द्यावा, अशी आपल्या ट्रस्टची प्रथा आहे. यंदा निवडलेला विषय वरकरणी किरकोळ आहे : शेतात, बागेत, रानात होणारे कीटकांचे चावे व त्यांची खाज. पावसाळा लागला की बाह्यरुग्ण विभागात ही तक्रार रोजचीच होते, आणि बहुतेकांना दोनचार दिवसांत आराम पडतो. तरीही या विषयाला अहवालाची दोन पाने का दिली, हे लेखाच्या अखेरीस वाचकांच्या ध्यानी येईल.

खाज का सुटते?

डासांमध्ये फक्त मादी चावते, कारण अंडी घालण्यासाठी तिला रक्ताची गरज असते. शोषताना रक्त गोठू नये म्हणून ती आपली लाळ त्वचेत सोडते. ही लाळ परकी आहे हे आपले शरीर ओळखते व त्या जागी हिस्टामिन हे द्रव्य मोकळे होते. गांधी उठणे, लाली, सूज आणि खाज हे त्याचेच परिणाम होत. पिसवा व ढेकूण यांच्या चाव्यांतही प्रकार साधारण असाच घडतो. म्हणजे खाज ही विषबाधा नसून शरीराने दिलेली प्रतिक्रिया आहे.

खरी हानी पुष्कळदा नखांमुळे होते. खाजवल्याने त्वचा सोलवटते, जंतू आत शिरतात आणि जखम चिघळते. लहान मुलांच्या अशा पिकलेल्या फोडांतील काही जंतूंमुळे पुढे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. मधुमेही व्यक्तीच्या पायावरील साधा ओरखडाही महिनोन्महिने भरून येत नाही.

घरी काय करावे?

चावलेली जागा साबण व स्वच्छ पाण्याने धुवावी. थंड पाण्याची घडी दहा मिनिटे ठेवावी. बर्फ असल्यास तो कापडात गुंडाळूनच लावावा. कॅलामाइन लोशनने खाज शमते. झोप येऊ देणार नाही इतकी खाज असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने सेटिरिझिनसारखी गोळी घेता येते. मात्र तिने सुस्ती येऊ शकते, म्हणून वाहन चालवणाऱ्यांनी जपावे. मुलांची नखे कापलेली असावीत.

चुना, रॉकेल किंवा तंबाखू चाव्यावर लावू नये. त्वचा भाजते वा अधिक चिडते. शेजाऱ्याला गुण आला म्हणून औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडमिश्रित मलम आणून लावण्याची सवयही घातक आहे. असे मलम दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते, आणि मुळात नायटा असेल तर तो झाकला जाऊन पसरतो.

गांधीलमाशी वा मधमाशी चावल्यानंतर ओठ, जीभ किंवा गळा सुजला, श्वास लागला वा भोवळ आली, तर घरगुती उपचारात वेळ न दवडता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात आणावे.

चावा टळावा म्हणून

रानात व शेतात पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात बूट व विजारीची टोके मोज्यांत खोचलेली असावीत. गवतावर वा पातेऱ्यावर थेट बसू नये, कपडेही तेथे वाळत टाकू नयेत. उघड्या अंगाला डीट हा घटक असलेले कीटकरोधक मलम लावावे. परंतु ते डोळे, जखमा व लहान मुलांचे हात यांना लागू देऊ नये. गवती चहाच्या तेलाचा उपयोग होतो, पण ते लवकर उडून जाते. घरी परतल्यावर साबणाने स्नान करावे व अंगावरचे कपडे धुण्यास टाकावेत. डासाच्या अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस पाण्याची सर्व भांडी रिकामी करून घासावीत.

अंगाला गोचीड चिकटलेली दिसल्यास तिला काडीने चटका देऊ नये, बोटांनी चिरडूही नये. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी व जागा धुवावी. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूर जंगलात प्रथम आढळलेला माकडताप गोचिडीमुळेच पसरतो. सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली त्याचा उद्रेक झाला होता. रानात माकड मरून पडलेले दिसल्यास त्याजवळ न जाता आरोग्य केंद्रास कळवावे.

जो चावा खाजत नाही

आता लेखाच्या मुख्य हेतूकडे वळतो. भातकापणीच्या दिवसांत एक शेतकरी भगिनी ताप व डोकेदुखीसाठी आमच्याकडे आल्या. तापाची नेहमीची औषधे देऊन त्यांना घरी पाठवण्यात आले. पाच दिवसांनी त्या परत आल्या तेव्हा त्यांना धाप लागत होती आणि अतिदक्षता विभागात दाखल करावे लागले. तेथे अंग पुसताना परिचारिकेला त्यांच्या काखेत विडीच्या चटक्यासारखी काळी खपली दिसली. तो स्क्रब टायफस होता.

हा रोग झुडपांत व गवतात राहणाऱ्या सूक्ष्म कोळीवर्गीय जीवाच्या अळीमुळे होतो. ही अळी डोळ्यांना जेमतेम दिसते; तिचा चावा बहुधा दुखत नाही व खाजतही नाही. ताप येतो तो सहा ते एकवीस दिवसांनी, तोवर रानात गेल्याचे कोणाच्या ध्यानातही नसते. खपली काख, जांघ, कंबर अशा झाकल्या जागी असते, आणि काही रुग्णांत ती नसतेही. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात या रोगाने बळी घेतले. वेळीच ओळखल्यास डॉक्सिसायक्लिन हे जुने व स्वस्त औषध बहुधा एकदोन दिवसांत ताप उतरवते.

त्या भगिनी बऱ्या होऊन घरी गेल्या. त्यांच्या बिलाचा मोठा भाग गरीब रुग्ण निधीतून भागवण्यात आला आणि देणगीदारांचा पैसा सत्कारणी लागला, याचे समाधान आहे. परंतु पहिल्याच दिवशी आम्ही काख पाहिली असती, तर काही गोळ्यांत काम झाले असते, हेही येथे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. त्यांनी संकोचाने दाखवले नाही. आम्ही विचारले नाही.

त्यानंतर तापाच्या केस पेपरवर आम्ही दोन ओळी वाढवल्या : ‘गेल्या तीन आठवड्यांत शेतात वा रानात गेला होता काय?’ आणि ‘अंगावर काळी खपली आहे काय?’ स्त्री रुग्णांची तपासणी परिचारिका पडद्याआड करते. या बदलास छपाईच्या शाईपलीकडे खर्च आला नाही.

वाचकांना आमची विनंती इतकीच, की घरातील कोणी रानातून आल्यावर तापाने पडले तर हे दोन प्रश्न आमच्याआधी आपणच विचारावेत. खाजणारा चावा आपली दखल स्वतः घ्यायला लावतो. न खाजणारा शोधावा लागतो, आणि तो शोधण्यास घरच्या माणसाइतके जवळचे दुसरे कोणी नाही.