जालना जिल्ह्याचे पिनकोड

भारतीय टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड अमलात आणला. ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने सिद्ध केली. वेलणकर संस्कृत कवी आणि नाटककारही होते, हे आवर्जून नोंदवावेसे वाटते.

या पद्धतीची निकड एकाच नावाच्या अनेक गावांमुळे भासली. अंबड हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. नाशिक शहरातही अंबड आहे. भोकरदन तालुक्यात गणपतीचे राजूर आहे, तसे अकोले तालुक्यातही राजूर आहे. त्यातच पत्ते निरनिराळ्या लिप्यांत आणि घाईच्या अक्षरात लिहिलेले असत. आता ४३१२०४ म्हणजे जालन्याकडील अंबड आणि ४२२०१० म्हणजे नाशिकचे, हे अंकांवरून निश्चित होते.

पहिला अंक टपाल विभागाचा असतो. ४ या अंकात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड येतात. दुसरा अंक उपविभाग दाखवतो, तिसऱ्याने वर्गीकरण जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक वितरण करणाऱ्या टपाल कार्यालयाचे असतात. नऊ हा आरंभीचा अंक सैन्य टपालासाठी राखीव आहे.

वर्गीकरण जिल्हा म्हणजे महसुली जिल्हा नव्हे. ४३१ या एकाच आरंभात छत्रपती संभाजीनगर (४३१००१), परभणी (४३१४०१) आणि नांदेड (४३१६०१) सामावतात. जालना शहराचा पिनकोड ४३१२०३, बदनापूरचा ४३१२०२, जाफराबादचा ४३१२०६. परतूर मात्र ४३१५०१ आणि मंठा ४३१५०४. पिनकोड आला तेव्हा जालना जिल्हा अस्तित्वातच नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला. परतूर तोवर परभणी जिल्ह्यात होते, म्हणून त्याचा क्रमांक आजही सेलूच्या ४३१५०३ शेजारी बसतो. भोकरदनचा ४३१११४ तसाच सिल्लोडच्या ४३१११२ जवळचा आहे. जुन्या जिल्ह्यांची आखणी या अंकांत अशी टिकून राहिली आहे. औरंगाबादचे नाव बदलले, तरी ४३१००१ बदलला नाही.

‘मु. पो.’ ही दोन अक्षरे या संदर्भात नीट वाचली पाहिजेत. गावातच टपाल कार्यालय असेल तर मुक्काम आणि पोस्ट एक. नसेल तर ‘मु.’पुढे आपले गाव आणि ‘पो.’पुढे शेजारचे गाव लिहावे लागते. पिनकोड त्या ‘पो.’चा असतो. शाखा डाकघरांना बहुधा त्यांच्या उपडाकघराचाच क्रमांक असतो, त्यामुळे अनेक खेड्यांचा पिनकोड एकच दिसतो. तेथून पुढे दार शोधणे पोस्टमनच्या ओळखीवर चालते. रस्त्यापासून दूर, मोसंबीच्या बागेत असलेल्या शेतवस्तीच्या पत्त्यात गट क्रमांक आणि घरमालकाचे नाव म्हणूनच आवश्यक ठरते.

ही उणीव भरून काढण्यासाठी टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला. त्यात देशाच्या नकाशाचे सुमारे चार मीटर लांबीरुंदीचे चौकोन पाडून प्रत्येकास दहा अक्षरांकांचा स्वतंत्र संकेत दिला आहे. शेतवस्तीवरील एकट्या घरालाही तो मिळतो.