कोंकणचा सडा आणि परदेशी वाटसरू

रत्नागिरीस परदेशी मनुष्य नवा नाहीं. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ सालीं येथें आणला गेला आणि १९१६ सालीं येथेंच निवर्तला. तो आला बंदी होऊन. आजचा परदेशी स्वखुषीनें येतो, आणि समुद्राइतकाच सडाही त्याला ओढून नेतो. जांभ्या दगडाच्या या उघड्या माळांवर प्राचीन मानवानें चित्रें कोरून ठेविलीं आहेत. राजापूर तालुक्यांतील कशेळीचा हत्ती सुमारें १८ मीटर लांब आहे. कोंकण व गोवा मिळून अशा नऊ स्थळांची नोंद २०२२ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत झाली.

ही वाट मात्र आडरानांतली. नवखा वाटसरू टेकण्यासाठीं एखादा दगड सरकवितो आणि खालचा लाल विंचू नांगी मारतो. अशा वेळीं त्याच्या मनांत पहिला विचार येतो तो मुंबईच्या मोठ्या रुग्णालयाचा. मुंबई तेथून तीनशें किलोमीटरांहून दूर; आणि जीव वांचतो किंवा जातो तो पहिल्या कांहीं तासांत.

या विंचवाचें विष मज्जातंतूंना एकाएकीं चेतवितें. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो, हृदयावर असह्य भार पडतो आणि शेवटीं फुप्फुसांत पाणी भरतें. नुसती तीव्र वेदना हें तितकें भयाचें चिन्ह नव्हे. दरदरून घाम, वांती आणि हातपाय गार पडणें, हीं खरीं धोक्याचीं लक्षणें होत. वेदना बेताची म्हणून निर्धास्त राहणारा फसतो.

यावरील उपाय जगाला सांपडला तो कोंकणांतच. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ सालीं महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. त्या काळीं विष अंगांत भिनलेल्या रुग्णांचें मृत्यूचें प्रमाण शेकडा ४० च्या घरांत होतें. रात्र-रात्र रुग्णांच्या उशाशीं बसून त्यांनीं लक्षणांचा क्रम टिपला. रक्तदाबावरील प्राझोसिन ही साधी गोळी आकुंचन पावलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, हें त्यांनीं पडताळून पाहिलें आणि १९८६ सालीं ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केलें. पुढें मृत्यूचें प्रमाण शेकडा एकाच्या आसपास उतरलें. आतां या गोळीच्या जोडीला विंचवाचें प्रतिविषही देतात.

फुरशाची गोष्ट निराळी. त्याचें विष रक्ताची गोठण्याची शक्ति नष्ट करतें. त्याची परीक्षा अगदीं साधी आहे: रुग्णाचें थोडें रक्त कोरड्या, स्वच्छ कांचेच्या नळींत २० मिनिटें न हालवितां ठेवतात, नळी तिरपी करतांच तें वाहूं लागलें, तर विष भिनलें असें समजतात. मग प्रतिविष टोंचावें लागतें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांवर तें एकच चालतें. दंशाच्या जागीं चीर देणें, रक्त चोखणें किंवा दोरी आवळणें हें सर्व अपायकारक होय. अवयव स्थिर ठेवून रुग्णास उचलून न्यावें, चालवूं नये.

म्हणून सड्यावर जाणारानें, मग तो परदेशी असो वा पुणेंकर, पायांत घोट्यावर येणारे बूट घालावे, दगडाखालीं हात घालूं नये, काळोखांत विजेरी जवळ ठेवावी आणि गांवचा एक सोबती घ्यावा. निघण्यापूर्वीं जवळचें आरोग्य केंद्र कोठें आहे व प्रतिविष कोठें मिळतें हें विचारून ठेवावें. प्रसंग आल्यास १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. परक्याच्या डोळ्यांना तें केंद्र लहान व साधें दिसेल. परंतु विंचवावरचें औषध ज्या जागीं प्रथम उमगलें, ती जागाही अशीच लहान व साधी होती.