गॅस अडवून कॉम्प्रेसर वाचवणारा व्हॉल्व्ह

रत्नागिरीची गोठवलेली मासळी उणे १८ अंश सेल्सिअसवर टिकवून धरणं हे शीतखोलीच्या कॉम्प्रेसरचं रोजचं काम. त्याचा जीव काढणारं काम मात्र वेगळं असतं. वीज बराच वेळ गेलेली असते किंवा कॉइलवरचा बर्फ काढण्यासाठी नुकतंच डिफ्रॉस्ट झालेलं असतं, आणि कोमट झालेल्या कॉइलवर यंत्र पुन्हा सुरू होतं. कॉम्प्रेसर जळला की चर्चा बहुधा व्होल्टेज, गळालेला गॅस आणि उन्हाळा यांच्यापाशी थांबते. या तिन्हींचा दोष खरा आहे. पण कॉइलमध्ये किती गॅस सोडायचा हे ठरवणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हकडेही तेवढंच लक्ष जायला हवं. दाबाला मर्यादा घालणारा व्हॉल्व्ह निवडला, तर त्या कठीण तासाभरात मोटर जळण्याचा धोका बराच कमी होतो.

दट्ट्याच्या प्रत्येक फेरीत सिलिंडर जेवढी वाफ ओढतो तिचं आकारमान ठरलेलं असतं, वजन ठरलेलं नसतं. आर-१३४ए हा गॅस घ्या. कॉइलमध्ये तो उणे २० अंशांना उकळत असेल तर दाब सुमारे १.३ बार असतो आणि घनमीटरभर वाफेचं वजन सात किलोच्या आत. तोच २० अंशांना उकळू लागला की दाब ५.७ बार होतो आणि वजन २८ किलोच्या घरात जातं. फेरी तीच, माल चौपट. यावर जाणकार म्हणेल, सक्शनचा, म्हणजे आत ओढल्या जाणाऱ्या वाफेचा, दाब वाढला की डिस्चार्जच्या, म्हणजे बाहेर ढकलण्याच्या, दाबापर्यंतची चढाई कमी होते, मग दर किलोमागची मेहनतही कमीच लागणार. ते बरोबर आहे, म्हणूनच मोटरवरचा भार चौपट होत नाही. पण तो कमीही होत नाही. माल वाढतो आणि चढाई घटते, या ओढाताणीत मध्येच एक शिखर येतं. सक्शनचा दाब डिस्चार्जच्या साधारण एक-तृतीयांश असताना भार सर्वाधिक असतो. कंडेन्सर ५० अंशांवर असेल तर हे शिखर कॉइल १३ अंशांच्या आसपास असताना गाठलं जातं, आणि निव्वळ गणितातसुद्धा तिथला भार उणे २० अंशांच्या भाराच्या दीडपट निघतो. प्रत्यक्षात तो आणखी जास्त, कारण कमी दाबावर सिलिंडर नीट भरतच नाही. नागपूर-चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कंडेन्सरही तापतो आणि हे शिखर आणखी उंच होतं.

साध्या थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हला हे काहीच कळत नाही. कॉइलमधून वाफ बाहेर पडते त्या टोकाशी बांधलेला त्याचा बल्ब गरम झाला की आतला दाब डायफ्राम ढकलून व्हॉल्व्ह उघडतो. कॉइलमधला दाब आणि स्प्रिंग तो बंद करू पाहतात. कोमट कॉइल म्हणजे गरम बल्ब, आणि गरम बल्ब म्हणजे सताड उघडा व्हॉल्व्ह. दाबमर्यादेच्या व्हॉल्व्हमध्ये, ज्याला या धंद्यात एमओपी व्हॉल्व्ह म्हणतात, बदल एवढाच असतो की बल्बमध्ये द्रव अगदी मोजून भरलेला असतो. ठरावीक तापमानाला त्यातला शेवटचा थेंब वाफ होतो. थेंब शिल्लक असेपर्यंत दाब झपाट्याने चढतो. आर-१३४ए मध्ये शून्यापासून दहा अंशांपर्यंत तो चाळीस टक्क्यांहून जास्त वाढतो. द्रव संपल्यावर उरते ती नुसती वाफ, आणि तेवढ्याच दहा अंशांनी तिचा दाब जेमतेम चार टक्के वाढतो. बल्ब मग कितीही तापला तरी डायफ्रामवरचा जोर जवळजवळ तिथेच थांबतो. कॉइलचा दाब त्याच्यावर गेला की व्हॉल्व्ह मिटतो, कॉम्प्रेसरने तो खाली ओढला की पुन्हा उघडतो. मोटर जेवढा गॅस पेलू शकते, त्याहून जास्त कॉइलमध्ये साचतच नाही.

मग नेमकी गरज असते तेव्हाच थंडावा अडवला जातो, ही तक्रार ओघानेच येते. सुरुवातीला थंडावा कमी मिळतो हे खरंच आहे. पण मर्यादा नसेल तर बहुतेकदा जादा भारावर मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले ट्रिप होतो, मोटर निवते, पुन्हा सुरू होते, पुन्हा ट्रिप होते. दर वेळी सुरू होतानाचा मोठा प्रवाह वाइंडिंग तापवतो, आणि तापमान दर दहा अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं, हा विद्युत अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. ओव्हरलोड रिले मोटर तापल्यावर जागा होतो; हा व्हॉल्व्ह तिला तापूच देत नाही. मोठी मोटर बसवता येईल, पण रोजची काही मिनिटं ते तासभर एवढा वेळ सोडला तर ती अर्ध्या भारावर चालत राहणार. सक्शन पाइपमध्ये वेगळा रेग्युलेटरही बसवता येतो, मात्र त्यात दाबाची थोडी घट कायमची सोसावी लागते.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती उलटी चूक. मर्यादा फार खाली ठेवली तर कॉइल उपाशी राहते, आणि सीलबंद कॉम्प्रेसरची मोटर परतणाऱ्या वाफेवरच निवत असल्याने तीही तापते. म्हणून मर्यादा कामाच्या कमाल तापमानाच्या थोडी वर ठेवतात. उणे ४० ते उणे १५ अंशांसाठी बनवलेल्या व्हॉल्व्हमध्ये ती बहुधा उणे १० वर असते. शिवाय व्हॉल्व्हचं डोकं बल्बपेक्षा गरम असलं पाहिजे. ते गार जागी बसलं तर मोजून भरलेला द्रव तिकडे जाऊन साठतो, आणि व्हॉल्व्ह बल्बचं ऐकेनासा होतो. जळलेला कॉम्प्रेसर बदलताना गॅस आणि टनेज जुळवून भागत नाही. जुन्या व्हॉल्व्हवर एमओपीची खूण होती का, हेही पाहावं लागतं. इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह आले म्हणून हा प्रश्न मिटलेला नाही. तिथे सेन्सर दाब मोजतो आणि बल्बमधल्या शेवटच्या थेंबाचं काम सॉफ्टवेअर करतं, पण कंट्रोलरमधला एमओपीचा आकडा कोणीतरी विचार करून भरावाच लागतो.