महाकाय वीरांचा जिल्हा

अद्भुतकथेतला वीर डोंगराएवढा असतो. ऐकणाऱ्याच्या मनात तो आपोआप वाढतो, पण पडद्यावर त्याला वाढवायचं तर कुणाला तरी रात्री जागवाव्या लागतात. नाशिक जिल्ह्यात अशा रात्री जागवणारी माणसं दोन वेगवेगळ्या काळांत झाली.

पहिले त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके. मुंबईहून नाशिकला मुक्काम हलवल्यावर काही वर्षांनी, १९१७ साली, त्यांचा ‘लंकादहन’ आला. हनुमान झाले होते गणपत शिंदे. साधा हाडामांसाचा नट कॅमेऱ्याच्या करामतींनी आकाशात उडाला आणि लोकांनी तो हनुमान म्हणूनच पाहिला. दोन वर्षांनी ‘कालियामर्दन’मध्ये फाळक्यांनी याच्या उलट केलं. अजस्र नागापुढे कृष्ण म्हणून त्यांची चिमुकली लेक मंदाकिनी उभी राहिली. पराक्रम अंगलटीत नसतो, हे फाळक्यांना पक्कं ठाऊक होतं, असं मला वाटतं.

दुसरी माणसं मालेगावची. मोसमकाठचं हे गाव यंत्रमागांच्या खडखडाटात जगतं. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० सालाच्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला. डाकूंना घोडे परवडणारे नव्हते, म्हणून सायकली आल्या. रेल्वेगाडीच्या जागी बस आली. फिरत्या दृश्यासाठी कॅमेरा सायकलवर बसला आणि उंचावरून चित्रण करायचं तर बैलगाडी कामी आली. लग्नाच्या चित्रणाचा अनुभव एवढंच भांडवल. गाव मात्र आपलेच चेहरे पाहायला लोटलं.

मग नासिरभाईंनी सुपरमॅन उडवायचं ठरवलं. भूमिका दिली शफीक शेख यांना: मागावर राबणारा, अंगाने काटकुळा तरुण. धिप्पाड माणूस गावात मिळाला नसता असं नाही, पण ही निवड मला फार अर्थाची वाटते. खलनायकाला घाणीचा शौक, आणि हवेतली धूळ छातीत भरून घेणाऱ्या गावाला त्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नव्हती. अशा शत्रूशी भिडायला मागावरचाच माणूस हवा होता. हिरव्या कापडापुढे शफीकना आडवं धरून नासिरभाईंनी संगणकावर त्यांना आकाशात सोडलं. मध्येच कॅमेरा पाण्यात पडला, काम खोळंबलं, पुन्हा उभं राहिलं.

हा सारा खटाटोप फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८ च्या माहितीपटात टिपला. २०११ मध्ये शफीक कर्करोगाने गेले. पुढे रीमा कागतींनी याच मंडळींवर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा हिंदी चित्रपट काढला. २०२५ च्या फेब्रुवारीत तो चित्रपटगृहांत आला आणि शशांक अरोराने साकारलेले शफीक देशभर पोहोचले.

हे सगळं आनंदाचंच आहे. पण मला काळजी मूळ चित्रपटांची वाटते. ‘लंकादहन’चा आज थोडाच भाग शिल्लक आहे; फाळक्यांचं बरंचसं काम काळाने गिळलं. मालेगावचे सिनेमे तर व्हिडिओ टेप आणि सीडीच्या जमान्यातले. टेपला बुरशी लागते, सीडी वाचेनाशी होते. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. माहितीपट आणि हिंदी चित्रपट आपली सोय आपण पाहतील. नासिरभाईंच्या मूळ प्रती मात्र आताच, त्या हाती असलेली माणसं आहेत तोवर, पुण्याला पोहोचायला हव्यात.