गॅल्व्हेस्टनच्या भिंतीवरचा एस्तेवानिको

रमजानचा रोजा जाणूनबुजून मोडला तर कफ्फारा काय? फिकहच्या ग्रंथांत पहिला पर्याय आहे तो एका गुलामाला मुक्त करण्याचा. ते शक्य नसेल तर सलग दोन महिने रोजे. तेही झेपत नसतील तर साठ गरिबांना जेवण. आता मसले सांगणारे पहिला पर्याय घाईने वाचून पुढे जातात. गुलाम राहिलेत कुठे? पण माणसाची मान मोकळी करणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्यामुळे मागेच राहतो. तो प्रश्न अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, गॅल्व्हेस्टन बंदरातल्या एका भिंतीवर रंगवलेला आहे.

पाच हजार चौरस फुटांचे हे भित्तिचित्र ह्यूस्टनचे चित्रकार रेजिनाल्ड अ‍ॅडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढले. १९ जून २०२१ रोजी त्याचे लोकार्पण झाले. नाव 'अ‍ॅब्सोल्युट इक्वॅलिटी', म्हणजे संपूर्ण समता. हे शब्द चित्रकाराचे नाहीत. १९ जून १८६५ रोजी याच गावात जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी काढलेल्या हुकूम क्रमांक ३ मधले आहेत. लिंकन यांची मुक्तीची घोषणा १ जानेवारी १८६३ची. टेक्सासमधल्या सुमारे अडीच लाख गुलामांसाठी ती खरी व्हायला अडीच वर्षे आणि फौज लागली. त्याच दिवसाचा सण म्हणजे 'जूनटीन्थ'. ग्रेंजर यांचे मुख्यालय असलेली ऑस्टरमन इमारत आज नाही. तिथे आता गाड्या उभ्या राहतात आणि चित्राची भिंत त्या जागेकडे तोंड करून आहे.

हुकुमाचा पुढचा भाग मात्र सणाच्या दिवशी सहसा कुणी आठवत नाही. मुक्त झालेल्यांनी आहे त्या घरीच मुकाट राहावे, मजुरीवर काम करावे, लष्करी ठाण्यांवर जमू नये, रिकामे बसणाऱ्यांना पोसले जाणार नाही, असे त्यात बजावले होते. समतेचा शब्द दिला आणि त्याच कागदावर माणसाला कालच्या मालकाच्या दारात उभे केले.

भिंतीवर लिंकन आहेत, ग्रेंजर आहेत, गुलामांना पळून जायला वाट दाखवणाऱ्या हॅरिएट टबमन आहेत, कृष्णवर्णी सैनिक आहेत. आणि या सगळ्यांच्या तीनशे वर्षे आधीचा एक माणूस आहे, एस्तेवानिको. मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचे अझमूर हे त्याचे गाव. १५१३ पासून ते पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. तिथून तो विकला गेला आणि स्पॅनिश मालकाबरोबर मोहिमेवर आला. नोव्हेंबर १५२८ मध्ये मोहिमेचे तराफे फुटून माणसे याच किनाऱ्यावर फेकली गेली. फ्लोरिडात उतरलेल्या सुमारे तीनशे जणांपैकी शेवटी चौघेच १५३६ मध्ये मेक्सिकोला पोहोचले, तेही चालत. उपाशी आणि उघडेवाघडे चौघेही सारखेच होते. मूळ रहिवाशांशी बोलणे, वाटा विचारणे हे काम मात्र एस्तेवानिकोचे असे. सोबत्यांपैकी काबेसा दे वाकानेच हे लिहून ठेवले आहे.

वाटेत असलेली ही समता मेक्सिकोत पोहोचताच संपली. तिघे मोकळे, चौथा पुन्हा कुणाची तरी मालमत्ता. व्हाइसरॉयने त्याला उत्तरेकडच्या मोहिमेचा वाटाड्या केले आणि १५३९ मध्ये झुनी लोकांच्या हाविकू गावी तो मारला गेला. त्याचा कफ्फारा कुणी दिला नाही.

आपल्याकडे मलिक अंबरही आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला जात दख्खनमध्ये आला होता. त्याची कबर निदान खुलताबादला आहे. एस्तेवानिकोची कुठेच नाही. त्याचे जन्माचे नावही कुणी टिपून ठेवले नाही. 'एस्तेवानिको' म्हणजे छोटा स्टीफन. लाडाचे म्हणा की हिणवण्याचे, नाव मालकांच्या भाषेतले. भित्तिचित्राची ओळख करून देताना आजही तेच घ्यावे लागते.